आल्प्समध्ये एका दिवसाची भटकंती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वित्झर्लंडमधल्या बर्नला राहायला आल्यापासून होळी झाली की पुण्या-ठाण्याहून निरोप यायला लागतात: "मेच्या सुट्टीत येतोय, एखादा सोपा ट्रेक सुचव ना." प्रश्न तेच, विचारणारे नवे. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. बहुतेक उत्तरं बर्नीज ओबरलांडची आहेत, म्हणजे आयगर-युंगफ्राउच्या परिसराची, कारण माझे बूट तिथेच झिजले आहेत. थोडं झेरमाट आणि आलेचचंही आहे. कड्यावर दोर लावून चढणाऱ्यांसाठी यात काही नाही. सिंहगड दीड तासात चढतो आणि वर गेल्यावर आधी ताक शोधतो, अशा माणसासाठी हे लिहिलंय.

मी काही मोठा ट्रेकर नाही. मला जमेल का?

जमेल. इथे आणि सह्याद्रीत एक मूलभूत फरक आहे. आपल्याकडे पायथ्याच्या गावातून निघायचं आणि किल्ल्याची सगळी उंची स्वतःच्या पायांनी चढायची. इथे ती चढाई रेल्वे, रोपवे नाहीतर गोंडोला करून देतो. कळसूबाई १,६४६ मीटर. क्लाइने शायडेग हे रेल्वे स्टेशन २,०६१ मीटरवर आहे आणि तिथे तुम्ही दातेरी रुळांच्या गाडीतून हातात कॉफी घेऊन उतरता. म्युरेन हे अख्खं गावच जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर वसलंय.

त्यामुळे वाट निवडताना किती चढायचं यापेक्षा कुठून सुरू करून कुठे संपवायचं हे आधी बघायचं. डोंगराच्या कडेकडेने आडवी जाणारी किंवा हलकेच उतरणारी वाट निवडली, तर मधे चहाला थांबत तीन तास चालू शकणाऱ्या कुणालाही आल्प्स खुला आहे. दम फारसा लागत नाही. गुडघे मात्र बोलतात, कारण बहुतेक सगळा उतारच असतो.

पहिल्या दिवशी कुठे जाऊ?

मॅनलिशेन ते क्लाइने शायडेग. दुसरं नाव सुचवायचा मोह मी दरवर्षी आवरते.

वेंगेनहून रोपवेने किंवा ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने मॅनलिशेनला, म्हणजे साधारण २,२२५ मीटरवर पोहोचायचं. तिथून शायडेगपर्यंत साडेचार-पाच किलोमीटरची रुंद, बांधीव वाट हळूहळू खाली येते. चालण्याचा वेळ दीड तास, फोटोंसकट अडीच. समोर पूर्ण वेळ आयगर (३,९६७ मीटर), म्योंख आणि युंगफ्राउ (४,१५८ मीटर) ओळीने उभे असतात, आणि प्रत्येक वळणाला आयगर थोडा आणखी अंगावर येतो. म्हणूनच ही वाट उलट्या दिशेने, शायडेगकडून मॅनलिशेनकडे चालू नका. चढ तर लागतोच, पण शिखरंही पाठीमागे राहतात.

निघण्याआधी अंगात जोर असेल तर मॅनलिशेनचा खरा माथा करून या. तो २,३४३ मीटरवर आहे, वरच्या स्टेशनपासून अर्ध्या तासाची चढण. तिथून एका बाजूला ग्रिंडेलवाल्डचं पसरट खोरं दिसतं आणि दुसऱ्या बाजूला लाउटरब्रुनेनची खोल, उभ्या भिंतींची दरी. लाउटरब्रुनेनची दरी हिमनदीने कोरून काढलेली आहे: तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना सरळ कडे. आपल्या कोकणकड्याखालच्या दरीसारखा उतरत जाणारा पायथा तिथे नाहीच.

एवढं सोपं नको. जरा कस लागेल असं सांगा.

मग आयगर ट्रेल. नाव ऐकून घाबरू नका, आयगर चढायचा नसतो, त्याच्या पायथ्याने जायचं असतं. आयगरग्लेचर स्टेशनपासून (२,३२० मीटर) आल्पिग्लेनपर्यंत (१,६१६ मीटर) सहा किलोमीटर, दोन ते अडीच तास, सातशे मीटर उतार. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस हा गोंडोला २०२० च्या डिसेंबरपासून पंधरा मिनिटांत आयगरग्लेचरला नेतो.

ही वाट आयगरच्या उत्तर भिंतीला जवळजवळ घासून जाते. ती भिंत सुमारे १,८०० मीटर उंच आहे. मान कितीही मागे टाकली तरी वरची कड एका नजरेत मावत नाही. १९३८ च्या जुलैमध्ये हेकमायर, फ्योर्ग, हारर आणि कास्पारेक या चौघांनी ती पहिल्यांदा पार केली, त्याआधी तिने अनेकांचे जीव घेतले होते. दुर्बीण असेल तर बरोबर न्या. भिंतीच्या मधोमध खिडकीसारखं काहीतरी दिसतं. तो डोळ्यांचा भास नाही. युंगफ्राउयोखला जाणारी रेल्वे याच डोंगराच्या पोटातून जाते आणि तिच्या बोगद्याला भिंतीत उघडणारी भोकं आहेत.

वाट अरुंद आहे, अधूनमधून घसारा आहे, मोसमाच्या सुरुवातीला बर्फाचे पट्टेही असतात. राजगडाच्या संजीवनी माचीवर निवांत फिरणाऱ्याला अडचण येणार नाही. कड्याच्या कडेला ज्याचे पाय थरथरतात, त्याने मॅनलिशेनलाच जावं.

इन्स्टाग्रामवरचं ते तळं कुठलं? तिथे जाणं सोपं आहे का?

बाखआल्पझे. 'झे' म्हणजे तळं. ग्रिंडेलवाल्डहून गोंडोलाने फर्स्टला जायचं आणि तिथून तीन किलोमीटर चालायचं. तळं २,२६५ मीटरवर आहे, जायला तासभर, यायलाही तेवढंच. सोपं आहेच, आणि म्हणूनच सकाळी अकरानंतर तिथे सारसबागेतला रविवार असतो. पहिल्या गोंडोलाने जा. पाण्यात श्रेकहॉर्नचं प्रतिबिंब वारा पडलेला असतानाच दिसतं, आणि तशी शांतता सकाळीच मिळते.

गर्दी टाळायची असेल तर तळ्यापासून आणखी चारशे मीटर चढून फाउलहॉर्न (२,६८१ मीटर) गाठा. माथ्यावर एकोणिसाव्या शतकातलं जुनं हॉटेल आहे. श्रीखंडाच्या वाटीत जायफळ असावं तसं ते त्या शेंड्यावर बसलंय.

आई-बाबा बरोबर आहेत. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

ग्र्युट्शाल्प ते म्युरेन. लाउटरब्रुनेनहून रोपवेने वर जायचं आणि रुळांच्या कडेकडेने साडेचार किलोमीटर चालायचं. चढ अगदी सौम्य, सावली बऱ्यापैकी, दरीपलीकडे पुन्हा तेच तीन डोंगर. मधे विंटरएगला स्टेशन आणि खाण्याची सोय आहे, त्यामुळे ज्यांना पुरे झालं त्यांना तिथून छोट्या गाडीने पुढे जाता येतं. कुटुंबात चालणारे आणि न चालणारे असे दोन तट पडले असतील, तर भांडण न होता सगळे म्युरेनला एकत्र जेवू शकतात.

पाऊस असेल किंवा वर ढग बसले असतील तर दरीच्या तळातून लाउटरब्रुनेन ते श्टेशेलबेर्ग सपाट रस्त्याने चाला. सुरुवातीलाच जवळजवळ तीनशे मीटरवरून पडणारा श्टाउबबाख धबधबा लागतो. पुढे ट्र्युमेलबाखचे दहा धबधबे आहेत, तेही डोंगराच्या आत. वरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी कातळ कापत आतून उतरतं, भर मोसमात सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. लिफ्ट आहे, पण पायऱ्या ओल्या असतात. बाबांना काठी द्या.

मे महिना चालेल ना?

नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की आता फोन उचलतानाच म्हणावंसं वाटतं.

मेमध्ये दोन हजार मीटरच्या वरच्या वाटा बर्फाखाली असतात, आणि बरेचसे रोपवे देखभालीसाठी बंद. मे महिन्यात खालच्या दऱ्या सुंदर दिसतात, धबधबे भरलेले असतात, पण वर चालणं होत नाही. जूनच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत खरा मोसम. रानफुलं हवी असतील तर जुलै. माझं मत विचाराल तर सप्टेंबर: हवा स्वच्छ, वादळं कमी, गर्दी ओसरलेली. शाळेची सुट्टी आड येत असेल तर जूनचे शेवटचे दहा दिवस पकडा आणि वाट उघडली आहे का ते रोपवेच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री बघा.

वाटेवर रंगीत पट्टे असतात त्यांचा अर्थ काय?

पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट: अरुंद, चढउताराची, कधी उघड्यावरची, तोल सांभाळावा लागेल अशी. पांढरा-निळा-पांढरा दिसला की मागे फिरा, तिथे हातांचा वापर, कधी दोर आणि हिमनदीही येते. देशभरात मिळून सुमारे ६५,००० किलोमीटर वाटांवर अशा खुणा आहेत आणि त्या इतक्या नेमाने रंगवतात की दगडावर बाण आणि झाडाला चिंधी शोधण्याची आपली सवय इथे निरुपयोगी ठरते.

पाटीवर अंतर नाही, नुसते तास लिहिलेत. ते खरे मानायचे का?

पाटीवरचा वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो. सपाटीवर ताशी साधारण ४.२ किलोमीटर धरून, त्यात चढउताराचा हिशोब घालून तो काढतात. पाणी पिणं, फोटो, मुलाच्या बुटाची नाडी, यातलं काही त्यात नाही. पहिल्या वाटेवर स्वतःचा वेळ पाटीशी ताडून पाहा. आमच्या घरचा गुणक दीडपट निघाला. मग पुढचे सगळे दिवस पाटी बघून मनात दीडने गुणायचं, बस.

दिवसाची आखणी कशी करायची?

उलटी. आधी 'लेत्स्ते टालफार्ट' बघायचं, म्हणजे खाली येणारी शेवटची फेरी. हे दोन शब्द प्रत्येक रोपवेच्या दारावर लिहिलेले असतात आणि जर्मनमधलं बाकी काही शिकला नाहीत तरी चालेल. उन्हाळ्यातही अनेक ठिकाणी ही वेळ संध्याकाळी पाचच्या आसपास असते, उजेड मात्र नऊपर्यंत. याच उजेडाने माणूस फसतो.

मी फसले आहे. मावशी आली होती, तळ्याकाठी आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या सोडल्या, गप्पा रंगल्या, ऊन लख्ख. वरच्या स्टेशनला पोहोचलो तेव्हा दार बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. त्यानंतर अकराशे मीटर उतरलो, गुडघ्यांनी. मावशी रात्री एवढंच म्हणाली, "आमच्याकडे एसटीचा शेवटचा फेरा चुकला तर कंडक्टर थांबतो गं." आता मी शेवटच्या फेरीतून दीड तास वजा करते, तिथून वाटेचा वेळ मागे मोजते, आणि मग सकाळी कधी निघायचं ते ठरतं.

हवामानाचं काय? दुपारी वीज पडते म्हणतात.

जुलै-ऑगस्टमध्ये खरंच पडते. सकाळी आकाश निरभ्र, अकराला शिखरांवर कापसाचे गोळे, दोन वाजता ते वर वर वाढत फुलकोबीसारखे दिसू लागतात, तीन-चारला गडगडाट. आपल्या वळवाच्या पावसाचाच हा प्रकार, फक्त तुम्ही त्याच्या खाली नसून त्याच्या उंचीवर असता. मेटेओ स्विस हे सरकारी हवामान खात्याचं ॲप ठेवा, रडार त्यात दिसतो. गडगडाट ऐकू आला की सोंडेवरून, माथ्यावरून, एकट्या झाडापासून आणि लोखंडी साखळ्यांपासून दूर व्हा. काठ्या बाजूला ठेवा.

सह्याद्रीत घालतो ते अ‍ॅक्शनचे बूट चालतील का? आणि कपडे?

मॅनलिशेन, म्युरेन, बाखआल्पझे इथे कोरड्या दिवशी आरामात चालतील. आयगर ट्रेलवर आणि बर्फाच्या पट्ट्यांवर खोल खाचांचा तळ आणि घोट्याला आधार असलेले बूट हवेत. नवे बूट विकत घेऊन थेट इथे येऊ नका, आधी दोन-चार वेळा पर्वतीला तरी घालून जा.

उतारासाठी दोन काठ्या घ्या, तरुण असलात तरी. कपडे थरांचे: सुती टी-शर्ट घामाने ओला झाला की वाऱ्यात हुडहुडी भरते, म्हणून पटकन वाळणारा घाला, वर एक गरम थर आणि वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. ऑगस्टमध्येही वर बर्फ पडू शकतो. टोपी, गॉगल, सनस्क्रीन हवंच. हवा गार असल्याने ऊन लागतंय हे कळत नाही आणि रात्री नाक सोलतं.

उंचीचा त्रास होईल का?

दोन-अडीच हजार मीटरवर बहुतेकांना काही होत नाही. युंगफ्राउयोख मात्र ३,४५४ मीटरवर आहे आणि तिथे गाडीने थेट पोहोचल्यावर डोकं जड होणं, धाप लागणं सर्रास दिसतं. सावकाश चाला, पाणी प्या, बरं वाटेनासं झालं तर खालची गाडी पकडा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी आहोत.

डोंगरावरच्या उपाहारगृहांत र्योष्टी मिळते, म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस थापी. आल्प्लरमाग्रोनेन हा मॅकरोनी, बटाटा आणि चीजचा गुराख्यांचा पदार्थ, सोबत सफरचंदाचा गर. दोन्हींत डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून "ओने श्पेक" सांगायला विसरू नका. चवीला सौम्य, किमतीला तिखट.

त्यामुळे आमच्या पाठपिशवीत ठेपले, दशम्या, लसणाची चटणी आणि चिवडा असतो. भारतातून आणताना लक्षात ठेवा: मांस आणि दुधाचे पदार्थ इथे आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे घरीच संपवून या. ब्रेड-फळं आदल्या दिवशी घ्या, कारण रविवारी स्टेशनवरची सोडून बहुतेक दुकानं बंद असतात. पाणी विकत घेऊ नका. गावातल्या दगडी हौदाचं पाणी पिण्यालायक असतं, "काइन ट्रिंकवासर" अशी पाटी असेल तेवढी सोडून. कुरणातल्या ओढ्याचं मात्र पिऊ नका, वर गाई असतात.

गाई अंगावर येतात का?

एकट्या गाई येत नाहीत. वासरू बरोबर असेल तर येऊ शकतात, आणि आपल्या गोठ्यातल्या गाईची सवय असलेला माणूसच इथे चूक करतो: कौतुकाने वासराच्या डोक्यावर हात फिरवायला जातो. वीस-तीस पावलं अंतर ठेवून वळसा घाला. कुरणाचं फाटक उघडलंत तर लावून घ्या. तारेच्या कुंपणात वीज असते, हलकी, पण झटका बसतोच.

तिकिटं किती महाग? कुठला पास घेऊ?

महाग. दिवसाचा सगळ्यात मोठा खर्च हाच. स्विस ट्रॅव्हल पासवर ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन आणि म्युरेनपर्यंत फुकट जाता येतं, पुढच्या डोंगरी टप्प्यांवर फक्त सवलत असते. हाफ फेअर कार्डावर जवळजवळ सगळीकडे निम्मं भाडं. एकाच परिसरात तीन-चार दिवस चालणार असाल तर हाफ फेअर किंवा युंगफ्राउ परिसराचा स्थानिक पास बहुधा परवडतो. रोज नव्या शहरात जाणार असाल तर ट्रॅव्हल पास. कागदावर बेरीज करा, टूरवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

ओबरलांड झालं. पुढे कुठे?

झेरमाटची पाच तळ्यांची वाट, ब्लाउहेर्ड ते सुनेगा, नऊ-दहा किलोमीटर. पाचातल्या तीन तळ्यांत, म्हणजे श्टेलीझे, ग्रिंजीझे आणि लाइझेत, ४,४७८ मीटरचा मॅटरहॉर्न उलटा दिसतो. झेरमाटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, गाडी टेशला ठेवून रेल्वेने जायचं.

कांडरश्टेगजवळचं ओशिनेनझे हे बर्नहून एका दिवसात होणारं. नुसतं तळ्याकाठी बसू नका, गोंडोलातून उतरून होयबेर्गच्या वरच्या वाटेने जा, तिथून तळं थाळीत ठेवल्यासारखं खाली दिसतं. आणि आलेच: सुमारे २० किलोमीटर लांबीची, आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी. मोसफ्लू किंवा बेटमरहॉर्नहून बघा.

फ्रान्समध्ये शामोनीचं लाक ब्लांक आणि इटलीत डोलोमाइट्समधली त्रे चिमेची फेरी, दोन्ही उत्तम. पण रेल्वेने हातात हात घालून नेणं स्वित्झर्लंडइतकं तिथे नाही.

वाट 'बंद' म्हणून लिहिलंय, पण लोक जाताना दिसतात. जावं का?

नाही. 'गेश्पेर्ट' अशी पाटी असेल तर तिचं कारण बहुधा डोंगरच हलतोय हे असतं. आल्प्समधल्या उंच कातळांना आतला गोठलेला बर्फ धरून ठेवतो, तो वितळतोय. हिमनदी आटली की तिने टेकू दिलेले उतारही सुटतात. मोसफ्लूखालचा उतार असाच सरकतोय. ओशिनेनझेवरचा श्पिट्से श्टाय सुळकाही. २८ मे २०२५ ला लोएट्शनटालमधलं ब्लाटन हे गाव बिर्श हिमनदी कोसळून बहुतांश गाडलं गेलं. डोंगरावर सतत नजर होती म्हणून गावकऱ्यांना काही दिवस आधीच हलवलं होतं. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्यांना यापुढे काही सांगायची गरज नाही.

काही झालं तर कुणाला फोन करायचा?

१४१४, रेगा ही हवाई बचाव संस्था. झेरमाट-आलेचच्या वाले प्रांतात १४४. कुठेही ११२. रेगाचं ॲप तुमचं ठिकाण आपोआप कळवतं. रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग मिनिटभर थांबा, पुन्हा तेच. हेलिकॉप्टर आलं आणि मदत हवी असेल तर दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. नको असेल तर एक वर, एक खाली. हौसेने दोन्ही हात हलवून टाटा करू नका.

हेलिकॉप्टरचं बिल हजारो फ्रँकांत जातं. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात डोंगरातली सुटका आणि ट्रेकिंग धरलंय का, आणि किती उंचीपर्यंत, ते पुण्यातच वाचून घ्या.

वाटेत भेटणारे सगळे काहीतरी पुटपुटतात. ते काय?

"ग्र्युएसेख." बर्नकडचा नमस्कार. सह्याद्रीत अनोळखी ट्रेकरला आपण "वर पाणी आहे का?" विचारतो ना, तसंच.

माझ्याकडे एकच दिवस आहे.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून सातच्या सुमाराची गाडी. डबा बघून बसा: ही गाडी त्स्वाइल्युट्शिनेनला दुभंगते, अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, अर्धी ग्रिंडेलवाल्डला. लाउटरब्रुनेनहून दातेरी गाडीने वेंगेन, तिथून मॅनलिशेनचा पहिला रोपवे. माथा करून चालायला लागा, अकराच्या आत शायडेग. तिथे जेवून, आभाळ साफ आणि पाय शाबूत असतील तर एक स्टेशन वर आयगरग्लेचरला जा आणि आयगर ट्रेलने आल्पिग्लेनला उतरा. आभाळ भरून आलं असेल तर शायडेगहूनच गाडीने ग्रिंडेलवाल्ड. दोन्ही बाबतीत चारपर्यंत खाली याल, आणि पलीकडच्या बाकावर कुणीतरी शेवटची गाडी किती वाजता म्हणून विचारत असेल.